हात मागे

आमच्या हिला थांबता येत नाही. हा गुण की दोष, यावर लग्नापासून आमचा वाद चालू आहे, आणि मी मुद्दा मांडेपर्यंत ही उठून दुसऱ्या कामाला लागलेली असते, म्हणून त्याचा निकाल कधी लागला नाही. त्यासाठी आम्हाला उतारवयात परदेशात जावं लागलं.

लेकीने आणि जावयाने आम्हाला बोलावून घेतलं, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात सामान आणायला गेलो होतो. पैसे घेणारी मुलगी आमच्या पुढच्या म्हाताऱ्याला त्याच्या मांजराची तब्येत विचारत होती आणि तो मांजराचं दुखणं अगदी पहिल्यापासून सांगत होता. मागे एवढी माणसं उभी, पण एकाच्याही कपाळावर आठी नाही. सगळ्यांच्या वाटच्या आठ्या हिच्या कपाळावर. शेवटी ही पुढे झाली, म्हाताऱ्याची पिशवी ओढली आणि त्याचं सामान भराभर आत घातलं. खाली बटाटे, वर पाव, बाजूला अंडी, अगदी निगुतीने. म्हाताऱ्याने तिचे आभार मानले, मग सगळं सामान परत बाहेर काढलं आणि आपल्या पद्धतीने एकेक वस्तू भरायला घेतली. मांजराची गोष्टही त्याने पुन्हा सुरू केली. मी या बाईला ओळखत नाही अशा चेहऱ्याने साबणाच्या वड्या बघत राहिलो.

तिथे सगळंच तसं. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी दिवा हिरवा होईपर्यंत लोक कडेला उभे राहायचे. ही खांबावरचं बटण दाबत राहायची आणि तिचे पाय जागच्या जागी चालत असायचे. नळ दुरुस्त करणारा पुढच्या महिन्यात येतो म्हणाला आणि खरोखर पुढच्या महिन्यातच आला. बसमध्ये एखादं म्हातारं माणूस चढलं की ते सीटवर नीट टेकेपर्यंत ड्रायव्हर बस हलवायचा नाही.

"या लोकांना घरी कामं नाहीत का हो?" ही विचारायची.

मला मात्र तो मुलूख पहिल्या दिवसापासून मानवला. मी सरकारी कचेरीत जीपवर ड्रायव्हर होतो. लोकांना वाटतं ड्रायव्हरचं काम गाडी चालवणं. ते फार थोडं असतं. खरं काम असतं थांबणं. साहेब आत गेले की गाडी झाडाखाली लावायची, सीट मागे करायची आणि साहेब येईपर्यंत डोळे मिटून पडायचं. या विद्येत माझा हात धरणारा कुणी नव्हता. त्यामुळे एका देशानेच माझी चाल उचलली आहे, असं मला वाटायला लागलं.

हिचं आयुष्य नेमकं उलटं गेलेलं. ही मोठ्या सरकारी दवाखान्यात वॉर्डातली मावशी होती. पायाला भिंगरी लागलेली, म्हणून डॉक्टरांपासून रोग्यांपर्यंत सगळे तिला भिंगरी मावशीच म्हणत. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवरही माणसं, आणि मावश्या दोन. डॉक्टरांची फेरी यायच्या आत अंग पुसणं, कपडे बदलणं, चादरी, चहा, ज्यांना हाताने खाता येत नाही त्यांना भरवणं, सगळं उरकलेलं पाहिजे. रोग्याला एका कुशीवर वळवून ही त्याच्याखालची चादर कधी काढायची आणि दुसरी कधी घालायची, ते त्यालाही कळत नसे. एकाच्या सदऱ्याच्या बटणापाशी थांबलं तर पलीकडचा ओल्यातच पडून राहणार, हा तिथला हिशोब. त्या हिशोबात ही घडली आणि त्याच हिशोबाने घरी वागली. लग्नानंतर मी शेंगा सोलल्याचं मला आठवत नाही. माझी एक शेंग सोलून व्हायच्या आत ही "आणा इकडे" म्हणून परात पुढे ओढायची.

अशा बाईला लेक म्हणाली, "आई, आता तू फक्त आराम कर." तिसऱ्या दिवशी घरातले सगळे पडदे धुऊन झाले होते. जावयाने चहाचा कप क्षणभर खाली ठेवला की तो धुऊन पालथा पडलेला असायचा, आणि बिचाऱ्याला अर्ध्या चहाची सवय झाली. शेवटी त्यानेच कुठून कुठून चौकशी करून हिला काम मिळवून दिलं. मोठं दुखणं काढलेली म्हातारी माणसं बरी होईपर्यंत जिथे राहायची, अशी एक संस्था होती. थोड्याच दिवसांत त्यांना त्यांच्या छोट्या गाडीसाठी ड्रायव्हर हवा झाला आणि हिच्या मागोमाग मीही चिकटलो.

इमारतीला दोन मजले. तळमजल्यावर पुन्हा आपापल्या घरी जायची आशा असलेली माणसं. ज्यांचं घरी एकट्याने निभणार नाही असं ठरायचं, ती वरच्या मजल्यावर कायमची. वर म्हणजे जिना चढून वर, तसल्या वर नव्हे. पण एकदा वर गेलेलं माणूस सामान घेऊन खाली आलेलं मी पाहिलं नाही. कोण घरी जाणार आणि कोण वर, हे ठरवायला बाहेरून एक परीक्षक पोरगी यायची. कपडे आपले आपण घालता येतात का, चहा करता येतो का, अशा साध्यासुध्या गोष्टी ती करून बघायला सांगायची.

हिच्याकडे तळमजल्याच्या आठ खोल्या आल्या. आठ म्हटल्यावर ही हसलीच. देखरेख करणाऱ्या मोठ्या बाई नेमक्या तेव्हा लांब सुट्टीवर होत्या. तिथे सुट्टीसुद्धा सावकाश घेतात. त्यामुळे हिला अडवणारं कुणी नव्हतं, आणि आठही जण नाश्त्याच्या कितीतरी आधी न्हाऊन, भांग पाडून, बटणं लावून, बुटांचे बंद बांधून तयार. नाश्ता मांडणाऱ्या माणसाला ते सगळे रांगेत बसून आपल्याकडे बघताना दिसले आणि तो दचकला.

त्या आठांतल्या एक तिकीटवाल्या आजी. त्यांनी सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काढली होती. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय बराचसा सुधारला, हात मात्र मनासारखा वळत नव्हता. घर त्यांचं स्वतःचं होतं, एका अरुंद गल्लीच्या टोकाला, आणि त्या घराची किल्ली त्या कायम अंगातल्या कपड्याच्या खिशात ठेवायच्या. बोलता बोलता खिसा चाचपायच्या. हिचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. तिथल्या भाषेत झालेलं बोलणं मी आपल्या भाषेत सांगतोय; हिची भाषा तेव्हा जेमतेम कामापुरती होती, पण माया करायला आणि भांडायला तेवढी पुरत होती. आजी सकाळी पहिलं बटण घेऊन झगडायला लागल्या की ही म्हणायची, "कशाला त्रास? आणा इकडे." आणि गळ्यापासून कमरेपर्यंत बटणं लागून मोकळी.

"माझाही हात असाच चालायचा," आजी म्हणायच्या. "रांग अडली तर लोक खिडकीवर टकटक करायचे."

"मग बरोबर," ही म्हणायची. "आपण दोघी एका जातीच्या."

मग परीक्षक पोरगी आली. शांत, बारीकशी, पायात जाड तळव्यांचे बूट. ही दाराशी उभी होती. पोरीने आजींच्या मांडीवर कोट ठेवला आणि घालून दाखवायला सांगितलं. आजींनी हात बाहीत घातले, ते जमलं. मग त्यांनी दोन्ही हात खाली सोडले, हनुवटी वर केली आणि तशाच बसून राहिल्या.

"बटणं?" पोरगी म्हणाली.

आजींनी हिच्याकडे पाहिलं. "ती लावते," त्या म्हणाल्या.

पोरीने धीर दिला, वेळ दिला. आजींनी प्रयत्न केला, पण आल्या तेव्हा निदान धडपडत होती ती बोटं आता बटणावरून नुसती घसरत होती. इतक्या दिवसांत त्यांना कामच पडलं नव्हतं. निर्णय झाला की आणखी सहा आठवडे बघायचं. तेव्हाही नाही जमलं तर वरचा मजला.

ही घरी आली ती न बोलता, आणि न बोलणारी ही मला सगळ्यात जास्त धास्ती घालते. जेवताना तिने एकदाच तोंड उघडलं. "शाळेत जाणारं पोर आईपुढे हनुवटी वर करतं ना, तशी केली हो त्यांनी. मी शिकवली ती सवय."

मोठ्या बाई सुट्टीवरून परत आल्या आणि त्यांनी हिला बोलावलं. आवाज चढवला नाही, आणि तेच हिला जास्त लागलं. त्यांनी आधी हिच्या दवाखान्याची चौकशी केली, किती खाटा, किती माणसं, सगळं ऐकून घेतलं.

"तिथे तुमच्या मागे वॉर्ड उभा होता," त्या म्हणाल्या. "इथे आठ जण आहेत. तुम्ही जो वेळ वाचवताय तो तुमचा नाही. त्यांचा आहे. त्यांना तो खर्च करू द्या."

"मग मी काय करायचं?"

"उभं राहायचं. पडायला लागल्या तर धरायचं. एरवी हात मागे."

संध्याकाळी ही घरात नुसती फणफणत होती. "हात मागे बांधून उभी राहायला मी काय चोर आहे? मदत केली हा गुन्हा झाला? नोकरी सोडते मी. तोंडावर फेकते त्यांच्या." मी म्हटलं, सोड. माझं ते चुकलंच. ही भांडी घासायची थांबली आणि माझ्याकडे वळली. "सोडते कशी? आणि आजी वर गेल्या तर? माझ्यामुळे जातील त्या वर. मला ते सोसणार आहे का?" एवढं बोलून ती रडायला लागली. माझी आई गेली तेव्हासुद्धा ही पाहुण्यांच्या चहापाण्यात होती. तिला रडायला सवड झाली नव्हती. आता सवड होती, नको तेवढी.

दुसऱ्या दिवशी तिने आजींची माफी मागितली. आजी म्हणाल्या, "माझं पण चुकलं. मला बरं वाटायचं. कुणी बटणं लावून दिली की कुणाला वाईट वाटतं?"

मग ते सहा आठवडे सुरू झाले. असे दिवस मी वैऱ्यालाही दाखवणार नाही.

सकाळी आजी पलंगाच्या कडेला बसायच्या आणि ही समोर भिंतीला टेकून, हात पाठीमागे. बोट बटणाला लागायचं, निसटायचं. पुन्हा लागायचं, काजापर्यंत जायचं आणि ऐन वेळी निसटायचं. हिच्या अंगातून मुंग्या फिरायच्या. मागच्या हातांनी ती स्वतःचीच मनगटं इतकी आवळायची की संध्याकाळी तिथे नखं उमटलेली दिसायची. "अहो, बटण काजाच्या तोंडाशी येतं," ती मला सांगायची, "एवढंसं, केसभर ढकललं की झालं. आणि मी बघत उभी. देवाने मला हात दिलेत ते काय भिंतीला टेकवायला?"

एके दिवशी तिला युक्ती सुचली. दवाखान्यात धुतलेल्या बँडेजच्या पट्ट्या वाळल्या की मावश्या हातावर गुंडाळत बसायच्या. फावला वेळ असा नसायचाच, पण कुणाशी दोन शब्द बोलतानासुद्धा हात गुंडाळतच असत. हिने संस्थेच्या कपाटातून तसलीच एक लांब पट्टी मागून घेतली. आता आजी पुढे बटणाशी झगडायच्या आणि ही पाठीमागे, न बघता, पट्टी गुंडाळायची. गुंडाळी पुरी झाली की सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची. मोठ्या बाईंनी एकदा ते मागून पाहिलं. हात मागेच होते, त्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत.

तिथे अडवलेली सगळी घाई मग माझ्यावर यायची. मी एक बूट घालेपर्यंत दुसऱ्याचे बंद बांधलेले. मी वर्तमानपत्राचं पान उलटायच्या आत तिने उलटलेलं, आणि वर "वाचलं ना?" जेवताना शेवटचा घास हातात असायचा तेव्हा ताट बेसिनमध्ये. लेक म्हणाली, "आई, बाबांच्या बाबतीत पण हात मागे ठेव की." ही म्हणाली, "त्यांना कुठे परीक्षा द्यायचीय?"

मधे एकदा सगळं बिनसलं. दोन दिवस आजींचा हात अजिबात वळेना. तिसऱ्या सकाळी त्यांनी अंगातलं झंपर कसंबसं ओढून काढलं आणि हिच्या अंगावर फेकलं.

"तुला मजा वाटते का गं, अशी बघत उभी राहतेस ती?"

"नाही," ही म्हणाली.

"मग एकच लाव. फक्त गळ्याचं. कुणाला कळणार आहे?"

हे तिने मला संध्याकाळी सांगितलं. तिने झंपर उचललं, आजींच्या मांडीवर ठेवलं, म्हणाली, "मी दाराबाहेर आहे," आणि बाहेर जाऊन उभी राहिली. आतून आजी तिला नावं ठेवत होत्या, रेल्वेच्या रांगेतून उचललेली चांगली अस्सल नावं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. गळ्याचं बटण लागलं होतं. खालची दोन उघडीच होती, आणि आजी तशाच अवतारात नाश्त्याला गेल्या.

परीक्षेचा दिवस उजाडला. या खेपेला मोठ्या बाईंनी पोरीला सुचवलं होतं की आजींना त्यांच्याच घरी नेऊन बघा. कोट घालायचा, गाडीत बसायचं, घराचं दार उघडायचं, आत जाऊन चहा करायचा, सगळं एकटीने. गाडी अर्थात माझी.

गाडी तयार आहे हे सांगायला मी खोलीशी गेलो तर कोटाचं चाललं होतं. पोरगी खिडकीतून बाहेर झाड बघत होती, मुद्दामच असणार. ही भिंतीशी, हातात पट्टी. आजींनी सगळी बटणं लावली, शेवटचं लावलं आणि खाली पाहिलं. कोटाची एक बाजू वर, एक खाली. पहिलंच बटण चुकीच्या काजात गेलं होतं. हिच्या हातातली पट्टी सुटली आणि उलगडत उलगडत थेट पोरीच्या बुटाशी गेली. आजींनी एकेक करून सगळी बटणं काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी दारात उभा होतो. मी एकेक बटण मोजत होतो.

गाडीत सीटबेल्टच्या पट्ट्यावर वेळ गेला. पट्ट्याचं टोक खाचेत जाईना. माझ्या शेजारीच आजी बसलेल्या, खाच माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. साहेबांसाठी दार उघडण्यात आणि त्यांच्या फायली धरण्यात माझा जन्म गेला. माझा हात आपसूक निघाला. मागच्या सीटवरून हिने माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. मी हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

आजींची गल्ली इतकी अरुंद की मी गाडी उभी केली आणि रस्ताच बंद झाला. मागून कचऱ्याचा ट्रक आला. आमच्याकडे एव्हाना हॉर्न वाजला असता आणि दोन-चार पिढ्यांचा उद्धार झाला असता. या ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं आणि डबा उघडून खायला घेतलं. आजी उतरल्या, फाटक ढकललं, तीन पायऱ्या चढल्या. त्यांच्या मागे पोरगी, मग ही, मग मी. माझं तिथे काही काम नव्हतं, पण गाडीत बसवेना.

किल्ली उजव्या हातात धरून त्या कुलपाला लावत होत्या. किल्ली दाराच्या पत्र्यावर खरडली जात होती, तो आवाज माझ्या दातांत जात होता. एकदा ती आत गेलीशी वाटली. मग हात थरथरला आणि किल्ली पायरीवर पडली, तिथून घरंगळून माझ्या बुटापाशी आली.

मी वाकलोच. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? म्हाताऱ्या बाईची किल्ली पडली, आपल्या पायाशी आली, उचलून द्यायची. बोटं किल्लीला लागणार तेवढ्यात हिचा आवाज आला.

"अहो. हात मागे."

हळू बोलली होती, पण असा आवाज तिने माझ्यावर कधी काढला नव्हता. मी सरळ झालो आणि हात मागे घेतले. आजी वळल्या. किल्ली कुठे आहे ते त्यांनी पाहिलं. कठडा धरून एक पायरी उतरल्या, थांबल्या, दुसरी उतरल्या. वाकायला त्यांनी किती वेळ घेतला ते मला सांगता येणार नाही. इतकं कळलं की जन्मभर मी जे थांबलो ते झाडाखाली, डोळे मिटून. कुणाचा हात अडखळतोय आणि आपण उघड्या डोळ्यांनी उभं राहायचं, असं थांबणं मला कधी पडलंच नव्हतं. शेजारी ही उभी, तिच्या हातात या वेळी पट्टीसुद्धा नव्हती; पट्टी संस्थेतल्या खोलीत जमिनीवरच राहिली होती. तिची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती की पांढरी पडली होती.

किल्ली आजींच्या हातात आली. त्या पुन्हा पायऱ्या चढल्या. पुन्हा खरडण्याचा आवाज. मग कुलूप खट्ट वाजलं आणि दार उघडलं. आजी आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आम्ही तिघं बाहेर. पोरगी हिच्याकडे बघून जरा हसली. आत नळ सुरू झाला, बंद झाला. काहीतरी पडलं, पण फुटल्याचा आवाज नव्हता. हिचा एक पाय जागच्या जागी हलायला लागला. मी म्हटलं, "बसतेस का पायरीवर?" तिने मान हलवली. ट्रकवाल्याचं खाऊन झालं होतं. तो आमच्याकडे बघत होता. त्यालाही आता जाणून घ्यायचं असावं.

दार उघडलं. "आत या," आजी म्हणाल्या. "चहा झालाय."

टेबलावर चार कप होते. आजींनी ते एकेक करून ओट्यावरून आणले असणार, कारण पहिल्या कपावर साय धरली होती आणि चौथ्यातून अजून थोडी वाफ येत होती. पोरीने चहाचा घोट घेतला, आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं, आणि साध्या आवाजात आजींना म्हणाली, "तुमचं सामान इथे कधी आणायचं ते तुम्ही सांगा." आजींनी खिसा चाचपला. किल्ली दारालाच राहिली होती.

हिने सायीचा, गार झालेला चहा घेतला होता. एरवी ही चहा उभ्याने आणि कढत पिते. त्या दिवशी खुर्चीवर बसून प्यायली. फक्त टेबलाखाली तिचा पाय चालूच होता. कप रिकामे झाले आणि ती उठली. चारी कप उचलून ओट्यापर्यंत गेलीसुद्धा. मग मधेच थांबली. तिने आजींकडे पाहिलं, कप परत टेबलावर आणून ठेवले आणि हात मागे घेतले.

आजींनी कपांकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं. घर त्यांचं होतं, कप त्यांचे होते.

"आता दमले मी," त्या म्हणाल्या. "तेवढे तू धू."

ही भिंगरीसारखी वळली. मी गाडीची किल्ली शोधायला खिशात हात घातला, तोवर चारी कप धुऊन पालथे पडले होते.